तियो ओस्तिंग यांचा एकच शब्द

जत्रेच्या नाटकात तियो ओस्तिंगना, म्हणजे आमच्या ओस्तिंगकाकांना, एकच शब्द बोलायचा असे. तो शब्द ते वीसेक वर्षं बोलत आले होते, आणि गावात त्यांची जी काही ओळख होती ती त्या एका शब्दाची होती.

नाटक आमच्या गावाच्या जन्माचं. स्पॅनिश शिपाई नावेतून किनाऱ्यावर उतरतो. तिथं एक कोळी फाटकं जाळं सांधत बसलेला असतो. शिपाई जमिनीकडे बोट करून आपल्या भाषेत विचारतो, या जागेचं नाव काय? कोळी ऐकू न आल्यासारखा कानाला हात लावतो. त्याला वाटतं, काय करतोयस असं हा विचारतोय. म्हणून तो म्हणतो, "हायुमा." म्हणजे, जाळं सांधतोय. शिपाई ते लिहून घेतो, आणि तेव्हापासून आमचं गाव हायुमा. अशा चुकीतून नाव पडलेली गावं आमच्या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. शेजारच्या गावाचं नाव एका शेळीच्या पोटदुखीवरून पडलं म्हणतात. ते लोक मात्र हे कबूल करत नाहीत.

तियो ओस्तिंग जन्मले इलावोदला. आमचं गाव नदीच्या काठानं लांबच लांब पसरलेलं आहे. डोंगराकडचं ते इराया, समुद्राकडचं ते इलावोद. उत्तर आणि दक्षिण फक्त शाळेच्या नकाशात. माझ्या स्वयंपाकघरातसुद्धा मीठ इलावोदच्या फळीवर असतं आणि तांदळाचा डबा इरायाच्या कोपऱ्यात. पहिलं गाव नदीच्या मुखाशीच होतं. पुढे लुटारूंची गलबतं येऊन माणसं पळवून नेऊ लागली, तेव्हा गाव टेकडीआड सरकलं. तिथं चर्च बांधलं, तर एका वर्षी नदीनं वाट बदलली आणि बाजार वाहून नेला. गाव पुन्हा उठलं आणि आता आहे तिथं बसलं. चर्च मात्र मागेच राहिलं. ते उचलून आणणं कोणाला जमलं नाही, म्हणून रविवारी सगळे छत्र्या घेऊन मागच्या गावाला चालत जातो.

इतक्या हलवाहलवीत इलावोदचे कोळी तेवढे जागचे हलले नाहीत. नावा असलेला माणूस नदीच्या मुखापासून दूर जाऊन काय करणार? तियो ओस्तिंगही समुद्रावर जात. एका वादळात नाव आणि खडक यांच्यामध्ये त्यांचा गुडघा सापडला, आणि त्यानंतर ते बदामाच्या झाडाखाली बसून इतरांची जाळी सांधू लागले. बायको पासिंग मासे विकायची, ती गेली. दोन्ही मुली लग्न करून दूर गेल्या. राहिले ते, बांबूची सुई आणि ते झाड.

नाटकातलं काम त्यांच्याकडे आलं ते बायकांच्या हसण्यामुळे. त्यांच्या आधी गावचा न्हावी कोळी व्हायचा. त्याची सुई कोणत्या बाजूनं जातेय ते त्याला कळायचं नाही, आणि इलावोदच्या बायका पहिल्याच रांगेत बसून त्याला सूचना द्यायच्या. शेवटी तेव्हाच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, खरा जाळं सांधणाराच आणा. खरा मिळाला. पण नाटकातला कोळी गावाच्या डोक्यात इतका पक्का बसला की चांगल्या तिखट कानांच्या तियो ओस्तिंगना सगळे बहिरा म्हणू लागले. मासे विकणारी मानाय सिद्रिंग तर रोज लांबूनच ओरडायची, "बहिऱ्या, माझं जाळं झालं का, की तेही ऐकू आलं नाही?" ते मान वर न करता म्हणायचे, "जाळं ऐकू आलं. पैसे अजून ऐकू आले नाहीत."

त्यांना राग येत असेल असं आम्हांला कधी वाटलंच नाही.

या वर्षी माझी मुलगी क्रिसेल नागा शहरातल्या कॉलेजातून सुट्टीला आली आणि जत्रेच्या समितीत बसली. ती इतिहास शिकते. मला तिची काळजी वाटते ती एवढ्याचसाठी, की तिला जे पटतं ते ती लगेच बोलते आणि समोर कोण बसलंय ते नंतर पाहते. मुनिसिपियोच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, सभागृहात, नगराध्यक्षांच्या बायकोसमोर, ती म्हणाली की हा प्रवेश काढून टाका. परक्यानं प्रश्न विचारला आणि आपल्या पूर्वजाला तो कळला नाही, यावर आपण दर वर्षी पोट धरून हसतो. ही गोष्ट मुळात खरीच नसणार. नाव आधीपासूनच असेल, विचारायला कोणी आलंच नसेल. त्याऐवजी नदीनं वाट बदलली त्याचं नृत्य बसवू.

समितीला नृत्य आवडलं. नृत्यात तीस मुली घेता येतात, आणि तीस मुलींच्या आया स्वतःच कपडे शिवतात.

घरी येताना मी तिला विचारलं, तियो ओस्तिंगना कोण सांगणार? ती म्हणाली, मी सांगते, त्यात काय. म्हाताऱ्याच्या हातात वर्षाचा तो एकच दिवस होता. हल्ली नायलॉनची जाळी येतात, फाटली की लोक फेकून देतात, त्यामुळे झाडाखालचं कामही आटत चाललेलं. मी तिच्यासोबत निघाले, आणि हातात पिनांगातचा डबा घेतला. नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पुड्या त्यांना आवडतात. रिकाम्या हातानं जाऊन कोणाचं काही काढून घेणं मला बरं वाटेना.

क्रिसेलनं सगळं नीट सांगितलं. आवाजही मऊ ठेवला. शेवटी म्हणाली, "तियो, लोक तुम्हांला बहिरा म्हणतात ना, तेही बंद होईल."

त्यांनी सुईतला दोरा तोडला. "मी तुला कधी म्हटलं का, ते बंद कर म्हणून?"

"नाही. पण तो माणूस मूर्ख दिसतो, तियो."

"मूर्ख कोणी केला त्याला?"

"गोष्टीनंच केला. त्याला विचारलं एक, त्यानं सांगितलं भलतंच."

त्यांनी सुई नदीच्या मुखाकडे रोखली. मग म्हणाले, "हे बघ पोरी. मी या इथं बसलोय. समोरून नाव आली. आतली माणसं मी कधी पाहिलेली नाहीत. कमरेला तलवारी. एकानं जमिनीकडे बोट केलं, मग वस्तीकडे केलं. माझी बायकापोरं मागे झोपड्यांत आहेत. त्याला काय हवंय ते कळायला भाषा लागते का? मला पहिल्या वर्षीच वाटलं होतं, हा कोळी बहिरा नाही. यानं सांगितलं नाही."

"पण हे तुमचं मत झालं. याला पुरावा नाही."

"आणि तो बहिरा होता याला आहे?"

"त्यालाही नाही," क्रिसेल म्हणाली. "म्हणूनच तर दोन्ही काढून टाका म्हणते."

मला वाटलं आता ते उठून जातील. ते हसले. म्हणाले, पोरगी खोटं बोलत नाही हे बरं आहे. मग त्यांनी डबा उघडला, एक पुडी खाल्ली, आणि मिरची कमी आहे असं मला सांगितलं. मी विचारलं, मग इतकी वर्षं कानाला हात का लावत होतात? ते म्हणाले, मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं होतं, आणि लोक हसायचे. हसणाऱ्या माणसांना थांबवणं बरं दिसत नाही.

थोड्या वेळानं त्यांनी क्रिसेलला विचारलं, "या एका वर्षी मला करू देशील? माझ्या मनासारखं? त्यानंतर काढायचं तर काढ. मी पुढच्या वर्षी बायकांमध्ये बसून तुझं नृत्य बघेन."

ती लगेच हो म्हणाली नाही. मी तिच्या पायाला पाय लावला. तिनं आपला पाय बाजूला घेतला. दोन दिवसांनी तिनं समितीला सांगितलं की नृत्य होईल, पण आधी प्रवेश होईल, शेवटचा. तियो ओस्तिंगनी एकच मागणी केली. शिपायानं प्रश्न दोनदा विचारायचा आणि मध्ये थांबायचं.

शिपाई म्हणजे आमचा पाववाला बेंतोय. पोट मोठं, पट्टा लहान, आणि थांबणं त्याच्या स्वभावातच नाही. त्याला ही मागणी मुळीच आवडली नाही. "मध्ये थांबून मी काय करू?" तो विचारत राहिला. तियो ओस्तिंग म्हणाले, "उत्तराची वाट बघ. पाव फुगायची बघतोस तशी."

जत्रेच्या दिवशी नदीकाठच्या पटांगणात उभं राहायलाही जागा नव्हती. प्रवेशाचा हा शेवट आहे ही बातमी इरायापर्यंत पोचली होती, आणि तिकडची माणसं नावा भरभरून आली होती. मी क्रिसेलच्या शेजारी उभी होते. मला दोघांचीही काळजी होती. म्हाताऱ्याचा प्रयोग फसला तर लोक त्याला हसतील, जमला तर समितीत हिला बोल लागतील.

बेंतोय नावेतून उतरला. एक पाय चिखलात गेला, तेवढ्यावर पहिला हशा झाला. त्यानं बोट जमिनीकडे केलं आणि प्रश्न विचारला. लोकांनी हसायची तयारी केली होती, कारण आता हात कानाला जाणार होता.

हात गेला नाही. तियो ओस्तिंगनी मान वर केली. त्यांनी शिपायाचे बूट पाहिले, मग तलवार पाहिली. मग मान न वळवता, नुसते डोळे इलावोदच्या झोपड्यांकडे नेले आणि परत आणले. मांडीवरचं जाळं त्यांनी थोडं पुढे ओढलं, जणू त्याखाली काही होतं. मागून कोणीतरी ओरडलं, "कान, बहिऱ्या, कान!" कोणी हसलं नाही. बेंतोयला थांबणं अवघड जात होतं. तो घामाघूम झाला होता, आणि त्यामुळेच तो पहिल्यांदा खरा परका शिपाई वाटला. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं, आणि या वेळी आवाज चढला.

तियो ओस्तिंग जाळ्यात सुई घालत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "हायुमा."

दार लावून घ्यावं तसा तो शब्द आला. मग पहिल्या रांगेतली मानाय सिद्रिंग शेजारणीला म्हणाली, पण तिचा आवाज मासळीबाजारातला, सगळ्यांनी ऐकला. "अगं, त्यानं सांगितलंच नाही."

बेंतोय मान हलवत, जीभ बाहेर काढून, तो शब्द मोठ्या काळजीनं लिहून घेत होता. आणि लोक हसायला लागले. बेंतोयला हसले, त्याच्या लिहिण्याला हसले. त्या हसण्यात म्हातारे शिट्ट्या मारत होते. तियो ओस्तिंग खाली मान घालून जाळं सांधत राहिले, कारण एक गाठ खरंच राहिली होती.

नृत्यही झालं, चांगलं झालं, पण पाहिलं कोणी? सगळे भांडत होते. त्यानं सांगितलं नाही, तर मग खरं नाव काय होतं? इलावोदवाले म्हणाले ते त्यांच्या वस्तीत होतं आणि त्यांच्याबरोबरच विसरलं गेलं. इरायाच्या एका म्हातारीनं सांगितलं की तिची आजी नदीला वेगळ्याच नावानं हाक मारायची, पण ती हाक मारायची तेव्हा ही लहान होती, आता ते नाव आठवेना. मागच्या गावच्या चर्चजवळचे लोक म्हणाले, दोघेही थापा मारतात. नगराध्यक्षांनी माइक घेऊन शांत राहायला सांगितलं, तर एकानं त्यांनाच विचारलं, साहेब, तुमच्या कार्यालयावर लिहिलंय काय?

समितीनं प्रवेश ठेवला. पुढच्या वर्षीही तियो ओस्तिंगच, असं ठरलं. ते म्हणाले, गुडघ्याला विचारून सांगतो.

दुसऱ्या दिवशी क्रिसेल त्यांच्याकडे गेली, मीही मागोमाग गेले. तिनं मोबाइल समोर धरला आणि विचारलं, "तियो, तुम्हांला ते नाव ठाऊक आहे का?"

"नाही."

"कधी काही कानावर आलं असेल. वडलांकडून, आजोबांकडून."

"नाही गं. आणि आलं असतं तरी आधी विचारलं असतं, तुला ते हवंय कशाला?"

तिनं मोबाइल खाली ठेवला. "ठेवायला," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, शिपायाकडे पाहिलं होतं तसंच, बुटांपासून वर. तिच्या पायांत चिखलानं भरलेल्या चपला होत्या.

"ठेवायला असेल तर इरायाच्या त्या म्हातारीपासून सुरुवात कर," ते म्हणाले. "तिला सुपारी घेऊन जा. आणि एकदा विचारून झालं की थांब."