शिंगाचा कागद

गाडीची किल्ली फिरवण्याआधी ते शर्टाच्या खिशावर तळवा ठेवायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "कागद हाय." मग गाडी सुरू. देवळात शिरतानाही मी त्यांना तसंच करताना पाहिलंय. देवाने त्यांच्याकडे काय मागितलं असतं कोण जाणे.

ते माझ्या नवऱ्याचे मित्र. दोघे कॉव्हेंट्रीत एकाच कारखान्यात मोटारींचे दरवाजे बसवायचे. वयाने नवऱ्यापेक्षा लहान, म्हणून ते मला वहिनी म्हणायचे आणि मी त्यांना भावजी. गाव साताऱ्याकडचं. कारखाना बंद पडला तेव्हा माझा नवरा घरी बसला आणि दोन वर्षांत गेला. भावजी घरी बसले नाहीत. शहराबाहेर हरणाच्या मटणाची एक शेड होती, तिथे त्यांनी व्हॅन चालवायचं काम धरलं. पुढे मलाही तिथे पॅकिंगला लावलं. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. साठी ओलांडल्यावर मी पांढरा कोट आणि डोक्याला जाळी घालून हरणाचं मटण डब्यांत भरत होते. गावाकडे सांगितलं तर कोणाला खरं वाटायचं नाही, म्हणून सांगितलं नाही.

दर आठवड्याला भावजी स्कॉटलंडला जायचे. तिथल्या डोंगरांत हरणं फार होतात, म्हणून ठरलेल्या महिन्यांत ठरलेली माणसं ती मारतात. हरीण कातड्यासकट यायचं, पायाला नंबराचा टॅग. सोबत एक कागद. ज्याने मारलं त्याने लिहून द्यायचं की जनावर निरोगी होतं, अमुक दिवशी अमुक ठिकाणी मारलं, आणि खाली सही. शिंगं वेगळ्या पोत्यात, त्यांनाही चिठ्ठी. एवढं सगळं जुळलं की भावजी निघायचे.

इंग्लंडची हद्द लागते तिथे रस्त्यावर फक्त एक पाटी आहे. ना चौकी, ना पोलीस. तरी भावजी तिथे गाडी बाजूला घ्यायचे, मागचं दार उघडायचे आणि सगळे टॅग पुन्हा मोजायचे. एकदा त्यांच्याबरोबर मी गेले होते. थंडीने माझे दात वाजत होते.

"भावजी, इथं कोण विचारतंय?"

"कोनी न्हाई. म्हनून तर मोजायचं."

"आणि विचारणारा असता तर?"

"मग त्यानं मोजलं असतं."

स्कॉटलंडात नराची शिकार बंद होते तेव्हा इंग्लंडात चालू असते, मादीचं आणखी वेगळं. भावजींनी वहीच्या पानावर महिने आखून ते व्हॅनमध्ये चिकटवलं होतं. "हरीण तेच, वहिनी. हद्द वलांडली की कायदा दुसरा," असं म्हणायचे. त्यात त्यांना तक्रार नव्हती. उलट मजा वाटायची.

एकदा एका टॅगवर एक होता की सात, हे कळेना. कागदावर एक होता. भावजींनी ते हरीण तिकडेच ठेवलं आणि रिकाम्या हुकासकट परत आले. शेडचा मालक लाल तोंडाचा, मोठ्या आवाजाचा इंग्रज होता. तो पाव तास ओरडला. भावजी ऐकून घेत उभे राहिले आणि शेवटी त्याला म्हणाले, "उद्या फोन करून इचारा, मग मी परत जातो." फोन केला तर सात निघाला. कागदावरच चुकलं होतं. मालक पुन्हा ओरडला, पण या वेळी तिकडच्यांवर.

आपल्या लोकांना हे पटायचं नाही. मिल्टन कीन्सचे आयटीवाले उन्हाळ्यात बार्बेक्यू करायचे. त्यांतला एक मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मागेच लागला.

"काका, एक लेग साइडला काढा ना आमच्यासाठी. हू विल नो?"

"मला कळंल की."

"अहो, तुम्ही तर आपलेच आहात!"

"म्हनून तर. दुकानात या, पावती घ्या, धा पाय न्या."

त्या माणसाने नंतर कोंबडीवर भागवलं.

मेडनहेडची एक बाई मात्र त्यांना पुरून उरली. नवरा मोठ्या पगारावर, घर नवीन, बाई कट्टर शाकाहारी. तिला दिवाणखान्यात लावायला शिंगं हवी होती. "पण मारलेल्या प्राण्याची नकोत हं," म्हणाली. भावजींनी दोन महिने खटपट करून गळून पडलेली शिंगं आणली, हरीण ती दरसाल स्वतःच टाकतं ना, आणि ती रानात सापडल्याचं तिथल्या राखणदाराचं पत्रही आणलं. बाईने पत्र दोनदा वाचलं, मग शिंगं घेतली. शाकाहारी शिंगं मी पहिल्यांदाच पाहिली.

शिंगाचा आपल्याकडचा उपयोग तुम्हाला ठाऊक असेल. सूज आली, छाती भरली की साबरशिंग सहाणेवर उगाळून लेप लावायचा. माझ्या आईने लावला, मीही मुलांना लावला. इकडचं हरीण म्हणजे सांबर नव्हे, पण शिंग ते शिंग. माझ्या गुडघ्यांसाठी भावजींनी मालकाकडून रीतसर एक तुकडा आणून दिला, पावतीसकट. सून म्हणायची, घरात जळक्या नखांचा वास येतो. गुडघे माझे होते, म्हणून मी उगाळत राहिले.

हे भावजींनी आक्कांना फोनवर सांगितलं, तिथून सगळं सुरू झालं. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तिनेच यांना वाढवलं. सातवीनंतर शाळा सुटणार होती, तर आक्काने लोकांच्या शेतात भांगलायला जाऊन यांना पुढे शिकवलं. आता तिची पंचाऐंशी झाली होती आणि पाय सुजायचे.

"तिकडं हरनं मोप हैत म्हनतोस, मग एक तुकडा आन की," आक्का म्हणाली. फोनचा स्पीकर चालू होता, मी तिथेच होते.

"आक्का, परवानगी लागती."

"शिंगाला परवानगी? हरनाला इचारलंस का?"

भावजींनी दिल्लीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, छान टाइप केलेलं. आपल्याकडे रानटी जनावराच्या शिंगाला कायद्याने बंदी आहे, बाहेरून आणायचं तर परवाना हवा, आणि अशा घरगुती कारणासाठी तो मिळणार नाही. भावजींनी ते पत्र फाइलला लावलं. आक्काला सांगितलं, न्हाई म्हनत्यात. त्यानंतर दर फोनला आक्का विचारायची, "झालं का रं मन सरकारचं?"

पुढच्या हिवाळ्यात भाच्याचा फोन आला. आक्काचे पाय मांड्यांपर्यंत सुजलेत, धाप लागते, डॉक्टर म्हणतात बघायचं असेल तर या. भावजींची बायको आधीच गेलेली, मुलगा मिल्टन कीन्सला, म्हणून बॅग भरायला मी गेले. ते तिकिटाच्या मागे फोनवर होते. मी कपडे भरले, आक्कासाठी घेतलेलं लुगडं भरलं. आणि त्या लुगड्याच्या घडीत, पायमोज्यात गुंडाळून, माझा शिंगाचा तुकडा ठेवला. बोटाएवढा. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. आपली माणसं बॅगेतून काय काय नेतात आणि आणतात, कोणी बघत नाही. म्हातारीचे पाय सुजले होते आणि कायद्याला पाय नसतात, असा माझा हिशेब.

पुढचं मला भाच्याने सांगितलं. भावजी गाडीत त्याला बोलले होते, मला त्यांनी कधी सांगितलं नाही.

विमान मुंबईला सकाळी सहाला उतरलं. भाचा गाडी घेऊन बाहेर उभा होता. सातला निघाले असते तर दुपारी बाराला गावात असते. भावजींनी पट्ट्यावरून बॅग उचलली आणि सवयीने बाजूला नेऊन उघडली, सगळं आहे ना बघायला. पायमोजा हाताला लागला.

हिरव्या पाटीखालून लोक सरळ बाहेर जात होते. भावजी कस्टमला सामान दाखवायच्या लाल पाटीखाली गेले आणि तुकडा टेबलावर ठेवला.

तिथला साहेब आपला मराठी माणूस होता. त्याने तुकडा बघितला, भावजींकडे बघितलं. विचारलं कुठे निघालात, तर बहीण आजारी आहे म्हणाले. साहेब म्हणाला, "बाबा, ठेवा तो इथं आणि निघा तुम्ही."

भावजी म्हणाले, "ताब्यात घेतल्याचं लिहून द्या."

लिहून द्यायचं तर केस करावी लागते, साक्षीदार लागतात, वरच्या साहेबाची सही लागते, आणि वरचा साहेब दहाला येतो. साहेबाने हे सगळं समजावून सांगितलं. भावजी बाकावर बसले. बाहेर पडले तेव्हा साडेअकरा वाजले होते.

आक्काची वाचा दुपारी दोनला गेली. सकाळभर ती बोलत होती, पोरगा कुठवर आला म्हणून विचारत होती. भावजी साडेचारला पोहोचले. ती आणखी दोन दिवस जगली, पण बोलली नाही.

सगळं उरकून ते परत आले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभे राहिले. मी चहा टाकायला वळले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वहिनी, आधी हे वाचा." खिशातून कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. त्यांच्याच अक्षरातल्या मराठी जबाबाची नक्कल होती. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईलाही वाचता येईल असं स्वच्छ अक्षर. "सदर शिंगाचा तुकडा मी स्वतः माझ्या बॅगेत ठेवला होता. दुसऱ्या कोणासही त्याची माहिती नव्हती." खाली सही, शिक्का.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"व्हय."

"तुम्ही लिहिलंत?"

"मार्चात तुमी गावाला जानार हाय. नाव दिलं असतं तर तुमाला आडवलं असतं."

मी खाली बसले. माफी मागायला हवी होती. मला ती मागता येत नाही, कधीच आली नाही. मी एवढंच विचारलं, "आक्का काही बोलल्या?"

"न्हाई. हात धरला हुता." त्यांनी कागद उचलला. "घट धरला हुता." आणि त्याची घडी घालून खिशात ठेवली. "आता टाका चा."

त्यांनी चहा घेतला, कपाची कड पुसून तो बशीवर ठेवला आणि सोमवारी व्हॅन घेऊन स्कॉटलंडला गेले.

तीन वर्षांनी ते गेले. दोन दिवस हॉस्पिटलात होते, कोणाला त्रास दिला नाही. घर रिकामं करायला मुलगा आला. वरच्या खोलीत भिंतभर फायली. हरणांच्या, व्हॅनच्या, टॅक्सच्या. प्रत्येकीवर साल. तो बिचारा मधोमध उभा राहून म्हणाला, "काकू, ह्याच्यात काय इम्पॉर्टंट आहे? मला तर काही कळत नाही."

"काही नाही," मी म्हटलं. "टाक सगळं." कौन्सिलची रद्दी कागदांची पेटी चार वेळा भरली. मी फायली चाळून देत होते. हजारभर कागद हातांखालून गेले असतील, आणि प्रत्येक खरा होता.

एक मी काढून घेतला आणि पर्समध्ये घातला. त्याने बघितलं.

"ते काय आहे, काकू?"

"खोटा कागद आहे," मी म्हटलं. "चल, ती पुढची दे."