हत्तीची गळती

गल्लीत त्याला सगळे पाना म्हणत. खरं नाव काय, ते फक्त विजेच्या बिलाला ठाऊक. धंदा प्लंबरचा, आणि पॅण्टच्या मागच्या खिशात पाना असल्याशिवाय गडी दाराबाहेर पाऊल टाकायचा नाही. त्यात वावगं काही नाही. पण याला एक खोड होती. कुठेही थेंब टपकताना दिसला की याच्या जिवाची घालमेल व्हायची. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला की गप्पा राहायच्या बाजूला आणि हा मोरीत. मुलगी झाली त्या दिवशी नर्सबाई बातमी घेऊन बाहेर आल्या, तर बाप कुठेच दिसेना. शेवटी बेसिनखालून बाहेर आलेले दोन पाय सापडले. "अहो, मुलगी झाली," नर्सबाई पायांना म्हणाल्या. "वा वा! आलोच, एवढा वॉशर बसवतो," पायांनी उत्तर दिलं. बायको ही गोष्ट अकरा वर्षांत विसरली नाही, आणि त्यालाही तिने विसरू दिली नाही.

ती मुलगी म्हणजे मुंगी. हे घरातलं लाडाचं नाव, आणि ते तिला अगदी शोभायचं. खोलीत कधी आली, कधी गेली, पत्ता लागायचा नाही. बोलायची तेसुद्धा असं, की समोरच्याने वाकून कान पुढे करावा. तोंडी परीक्षेत उत्तर येत असायचं, पण ते बाईंपर्यंत पोचायच्या आत हवेत विरून जायचं. वर्गशिक्षिकेने एकदा पानाला बोलावून सांगितलं, "मुलगी हुशार आहे हो, पण आवाज म्हणून नाही. बॅण्डमध्ये घाला, जरा धीट होईल." पानाने ते मनावर घेतलं. भिंतीला कान लावून आतल्या पाइपात पाणी कुठे अडलंय ते सांगणारा माणूस हा. स्वतःच्या पोरीच्या मनात काय चाललंय, त्याचा त्याला थांग लागत नव्हता, आणि हे त्याला फार लागायचं.

बॅण्डची निवड शाळेच्या सभागृहात झाली. लांब टेबलावर सगळे बाजे मांडलेले, आणि टेबलामागे बॅण्डमास्तर. काडीसारखा बारीक माणूस, पण मिशी भरघोस. प्रत्येक मुलाला ते आधी दात दाखवायला लावत, मग ओठ मुडपायला, मग हात लांब करायला. सगळं पाहून झालं की सांगत, "तू ट्रम्पेट." "तू झांजा, आणि कृपा करून दुसरं काही मागू नकोस." त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे, असं ते स्वतःच सांगत.

मुंगीची पाळी आली. "बासरी," मास्तर म्हणाले. आईचंही मत तेच होतं. बासरी हलकी, दप्तरात मावते, शेजाऱ्यांना त्रास नाही. पण मुंगी टेबलाच्या पार टोकाला गेली. तिथे पितळेचा एक भलाथोरला बाजा होता. मांडीवर घेऊन पोटाशी कवटाळायचा, वळणावर वळणं घेत वर गेलेला, आणि तोंड असं की त्यात बादली बसावी. त्याचं खरं नाव कुणाच्या जिभेवर बसत नव्हतं. पोरं त्याला हत्ती म्हणायची. मुंगीने त्याच्यावर हात ठेवला.

"अगं, हत्ती होऊन लाकडं खाण्यापेक्षा मुंगी होऊन साखर खावी म्हणतात," आई म्हणाली. "बासरी घे."

"नाकापेक्षा मोती जड होईल, बाळ," मास्तर म्हणाले.

"हाच," मुंगी म्हणाली.

एकच शब्द. पण कुणाला वाकावं लागलं नाही. पानाने इकडेतिकडे पाहिलं, बाकीच्यांनीही ऐकलं ना, याची खात्री करून घेतली. आणि मग तो असा काही हसला की शेजारच्या बाईंनी पर्स काखेत घट्ट धरली.

मास्तरांचा नियम सगळ्यांसाठी एकच. बाजा सहा आठवडे घरी न्यायचा. त्यानंतर आईबापांसमोर, याच सभागृहात आठ ओळी वाजवून दाखवायच्या. मध्ये थांबलं की बाजा परत, आणि यादीतल्या पुढच्याच्या हातात. हत्तीसाठी यादीत पुढचा नंबर सातवीतल्या एका दांडगट मुलाचा होता. त्याचे दातही चांगले होते.

घरी हत्ती आला आणि घराची रया गेली. पहिला आठवडा त्यातून नुसता फुर्र फुर्र आवाज. दुसऱ्या आठवड्यात एक सूर निघाला आणि वरच्या मजल्यावरच्या आजी काठी टेकत खाली आल्या, कुणाला बरं नाही का विचारायला. मुंगी बाथरूममध्ये स्टूल टाकून वाजवू लागली. पाना कामावरून आला की बाहेर दाराला टेकून उभा राहायचा. आत त्याच्या पोरीचा श्वास होता आणि तो भिंती हलवत होता. "जेवायला या," बायको म्हणायची. "थांब गं, तिसरी ओळ चाललीय," हा म्हणायचा. चौथ्या आठवड्यात तर तो नळ दुरुस्त करताना त्या आठ ओळी गुणगुणायला लागला, तेही गिऱ्हाइकाच्या घरी.

आणि मग त्याला तो थेंब दिसला.

सहाव्या आठवड्यात, रविवारी. मायलेकी मावशीकडे गेल्या होत्या. हत्ती स्टुलावर निवांत बसला होता आणि त्याच्या खाली फरशीवर पाणी होतं. वाटीभर नाही, चमचाभरच, पण पाणी ते पाणी. प्लंबरच्या घरात गळती! पानाने बाजा उलटापालटा केला. खालच्या वळणावर चक्क एक भोक होतं. त्यावर इवलंसं झाकण, झाकणाला स्प्रिंग, आणि आत बुचाचा झिजलेला तुकडा. पानाने कपाळाला हात लावला. कुण्या अडाण्याने भोक पडल्यावर ते बुजवायचं सोडून वर झाकण ठोकलं होतं! आणि असला गळका बाजा शाळेने त्याच्या पोरीच्या गळ्यात मारला होता. पाच आठवडे बिचारी गळक्या बाजातून सूर काढत होती, आणि तोंडातून चकार शब्द नाही.

मास्तरांना विचारावं, हे त्याच्या मनात आलंही. पण पाइपाच्या बाबतीत पाना कुणाला विचारत नसे. झाकण काढलं, स्प्रिंग काढली, भोकाची कड घासून घेतली, बत्ती पेटवली आणि धातू वितळवून असा नीट सोल्डर बसवला की बोट फिरवलं तरी जोड कळू नये. वरून पॉलिश मारलं. मुंगी घरी आल्यावर त्याने हत्ती तिच्यापुढे धरला. "बघ. आता एक थेंब गळणार नाही. आयुष्यात नाही."

मुंगीने त्या गुळगुळीत जागेकडे पाहिलं. मग बापाच्या तोंडाकडे पाहिलं. "छान झालंय, बाबा," ती म्हणाली.

परीक्षा गुरुवारी होती. सोमवारपासून हत्तीचा आवाज जरा ओला येत होता. पोर घाबरली असेल, पाना मनात म्हणाला. आपण जास्त बोलून तिला आणखी घाबरवायला नको.

गुरुवारी मास्तरांनी मुलांना शेजारच्या वर्गात तासभर वाजवायला लावलं आणि मग एकेकाला मंचावर बोलावलं. पाना तिसऱ्या रांगेत, बायकोशेजारी. पहिला मुलगा ट्रम्पेटवाला. आठ ओळी झाल्या, टाळ्या झाल्या, आणि मुलाने ट्रम्पेट खाली धरून एक बारीकशी कळ दाबली, फुंकर मारली. टप टप पाणी पडलं.

"हा पण गळतोय," पाना बायकोच्या कानात म्हणाला.

दुसरी एक मुलगी, तीही ट्रम्पेटवाली. वाजवून झालं, कळ दाबली, फुंकर, पाणी. त्याच जागी. तिसऱ्या मुलाचा बाजा निराळा, लांब दांड्याचा. त्यानेही कळ दाबली आणि अगदी सवयीने पाणी काढून टाकलं. मास्तरांनी तर त्यासाठी मंचावर फडकं अंथरलं होतं.

एक गळका असू शकतो. दोन असू शकतात. पण सगळ्यांचं भोक खालच्या वळणावरच, आणि सगळ्यांना झाकण, आणि झाकणाला स्प्रिंग? फुंकलेल्या श्वासाचं आत पाणी होतं, आणि ते काढायला वाट लागते. असली वाट तो रोज दहा घरांत ठेवत आला होता. आणि पोटच्या पोरीच्या बाजाची वाट त्याने स्वतःच्या हाताने बुजवली होती, वर पॉलिश मारून.

"अगं, मी घात केला," तो म्हणाला. "बसा हो," बायको म्हणाली, कारण तो उभा राहिला होता. तेवढ्यात मुंगी हत्ती घेऊन मंचावर आली. हत्तीमागे तिचे डोळे आणि दोन वेण्या, इतकंच दिसत होतं.

पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसरीत पाणी बोलायला लागलं. चौथीत सूर कमी आणि गुळण्या जास्त. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं, मग सगळी रांग हसली. मुंगी थांबली.

मास्तरांनी यादी उचलली. दांडगट मुलगा खुर्चीच्या कडेवर सरकला. आणि पाना लोकांच्या पायांवर पाय देत मंचाकडे निघाला.

"मास्तर, तिची चूक नाही. मी केलंय. मला वाटलं गळतंय, म्हणून मी बुजवलं." त्याने हात जोडले. "तिचा बाजा काढून घेऊ नका हो. हवं तर मला काय ते बोला."

मास्तरांनी हत्ती उचलून खाली पाहिलं. कळीच्या जागी बोट फिरवलं. मिशी हलली. "बत्तीस वर्षं शिकवतोय," ते म्हणाले. "मुलांनी बाजे आपटलेले पाहिलेत. एकाने ट्रम्पेटमध्ये उंदीर ठेवला होता. पण पाण्याची कळ बुजवणारा बाप आज पहिल्यांदा पाहिला. काम मात्र झकास केलंयत." मग त्यांनी सुस्कारा टाकला. "पण नियम तो नियम. ती थांबली. आणि या बाजावर आज कुणीच आठ ओळी वाजवू शकणार नाही."

"मी वाजवते, सर."

हे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मुंगीने मास्तरांच्या हातातून हत्ती घेतला. मांडीवर उभा धरला, मग डावीकडे कलवला, पूर्ण फिरवला, पुन्हा फिरवला, जणू वळणांमधून गोटी बाहेर काढतेय. प्रत्येक वळणाला पाणी पुढच्या वळणात जात होतं. शेवटी तिने तो अख्खा उलटा केला, आणि त्या मोठ्या तोंडातून भळ्ळकन पाणी मंचावर आलं. एवढ्या वजनाचा बाजा, पण हात जराही अडखळले नाहीत.

"हे कुणी शिकवलं?" मास्तरांनी विचारलं.

"कुणी नाही. सोमवारपासून करतेय. बाबा कामावर गेले की."

"मग वाजवायच्या आधी का नाही काढलंस?"

मुंगीने फक्त एकदा बापाकडे पाहिलं. वर्गात सगळ्यांदेखत हत्ती उलटा केला असता, तर मास्तरांनी कळ कुठे गेली ते विचारलंच असतं. मास्तरांना ते कळलं. पानालाही कळलं, आणि त्याला कुठे पाहावं ते सुचेना.

मास्तरांनी यादी खिशात घातली. "पहिल्यापासून," ते म्हणाले.

आठच्या आठ ओळी झाल्या. सहाव्या ओळीत एक सूर घसरला, तो तिने पुढच्या सुरात सावरून घेतला. वरच्या मजल्यावरच्या आजीसुद्धा आल्या होत्या. टाळ्या थांबल्या तरी त्यांची काठी जमिनीवर वाजतच होती. दांडगट मुलगा उठून निघून गेला नाही. त्याने मंचावरचं पाणी फडक्याने पुसलं आणि मास्तरांना विचारलं, "सर, मग माझ्यासाठी दुसरं काय आहे?"

घरी येताना आई आजींबरोबर रिक्षातून पुढे गेली. पाना हत्तीचं खोकं खांद्यावर घेऊन चालत होता, शेजारी मुंगी. तो म्हणाला, "रविवारीच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही खूप खूश होतात."

चार दिवस ही पोर रोज एकटी तो डोंगर उचलून उलटा करत होती, आणि का, तर बापाचं तोंड उतरू नये म्हणून. "हे बघ," तो म्हणाला, "मी चुकलो तर तोंडावर सांगायचं. मला वाईट वाटलं तरी सांगायचं. सांगशील?"

"सगळं?"

"सगळं."

मुंगीने जरा विचार केला. "बालवाडीत तुम्ही मला स्नेहसंमेलनात मासा केलं होतं, तेव्हा मला बेडूक व्हायचं होतं," तिने सुरुवात केली. "आणि तुम्ही वेणी घालता ती सुटते. आणि तुम्ही बाहेर दाराला टेकून उभे राहता ना, ते मला आतून कळतं. आत येऊन बसत जा. आणि माझ्या शाळेत येऊन तुम्ही नळ पाहिलात तेव्हा..." ती बोलतच होती. सहा वर्षांचं साठलेलं होतं. तिचं ऐकायला त्याला वाकावं लागत नव्हतं. खिशातला फोन दोनदा वाजला, कुणाची तरी टाकी वाहत असणार. त्याने तो काढलासुद्धा नाही.

कोपऱ्यावर ते आले तेव्हा ती जेमतेम दुसरीच्या वर्गापर्यंत पोचली होती. घर उजव्या हाताला होतं. पाना डावीकडे वळला.