दोन चुलींच्या मधली पोर

लहान मूल पडलं की आधी इकडंतिकडं बघतं. कुणी बघतंय का याचा अंदाज घेतं आणि मग भोकाड पसरतं. अंगणवाडीत इतकी वर्षं काढल्यावर एवढं मला झोपेतसुद्धा सांगता येईल. पण ती पोर पायरीवरून पडली, गुडघा सोलवटला, रक्त आलं, आणि तिनं कुणाकडंच बघितलं नाही. फ्रॉक झटकला आणि येऊन ओळीत बसली. मदतनीस म्हणाली, "लई शहाणी हाय." चार वर्षांचं पोर पडूनही रडत नाही, ते काही शहाणपण नव्हे. रडलं की कुणीतरी येतं, हेच त्याला ठाऊक नसतं.

न्हावऱ्याच्या अलीकडं आमची वस्ती. रांजणगावला कंपन्या आल्या आणि तरणी माणसं शिफ्टला जायला लागली, तेव्हाची ही गोष्ट. मी तिथली सून आणि तिथल्याच अंगणवाडीची बाई. यात काय अडचण, असं कुणालाही वाटेल. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. ही पोर आमच्या भावकीतली, माझ्या चुलतसासऱ्यांची नात. त्यांना सगळी वस्ती आबा म्हणायची.

घर खातंपितं होतं. रानात ऊस, गोठ्यात दुभती जनावरं. पण दोन भावांच्या चुली वेगळ्या झालेल्या. आबा थोरल्याकडं जेवायचे. धाकट्याची बायको, म्हणजे या पोरीची आई, भांडून पाटसकडच्या माहेरी निघून गेली होती. जाताना अंगावर पिणारा मुलगा घेऊन गेली आणि हिला ठेवून गेली. तेव्हापासून धाकट्याची चूल पेटत नव्हती. तो कंपनीत जेवायचा आणि घरी नुसता झोपायला यायचा. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथं तर पाहुणासुद्धा नव्हता, घरचीच पोर होती.

सकाळी आली की ती खिचडीच्या पातेल्याजवळ जाऊन बसायची. खाल्लं की भिंतीला टेकून झोपून जायची. डोक्यात फोड, केसांच्या जटा, अंगावर रोज तोच फ्रॉक. "रात्री काय जेवलीस गं?" म्हणून विचारलं की पातेल्याकडं बघायची.

तिच्या चुलतीला मी नळावर गाठलं. ती म्हणाली, "तिच्या बापाला इचारा की. आमी वायलं झालोय. दिलं तर म्हंत्याल उपकार केलं, आन् न्हाई दिलं तर म्हंत्याल जाच केला." ती काही वाईट बाई नव्हती. हातात भाकरी असली आणि पोर समोर आली तर तुकडा मोडून द्यायची. पण समोर आली तर. मग बापाची मोटारसायकल अडवली. तो म्हणाला, "वैनी, घरात एवढी माणसं हायत की. आबा हायत." आणि आबांना वाटायचं, थोरली सून बघते. सगळ्यांनाच वाटायचं, कुणीतरी बघतंय.

आमच्या पर्यवेक्षिका बाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, गृहभेट द्या, घरातल्या कर्त्या माणसाला समजावून सांगा. ट्रेनिंगमध्येही हेच शिकवलं होतं. कर्ता माणूस आपलाच चुलतसासरा निघाला तर काय करायचं, ते तेवढं शिकवायचं राहून गेलं होतं. आमच्यात सून सासऱ्यापुढं बोलत नाही. आबा रस्त्यानं येताना दिसले की मी पदर ओढून भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. मला दोन पोरं झाली तरी त्यांनी माझा आवाज ऐकलेला नव्हता. माझ्या जिभेला हाड नाही असं सासूबाई जगाला सांगत फिरायच्या, आणि जिथं बोलायची गरज तिथं मी मुकी.

मग रीतीप्रमाणं निरोप धाडला. पोरीला दोन वेळचं कोण घालणार ते एकदा ठरवा, एवढाच निरोप. मी सासूबाईंना सांगितला, त्यांनी चुलतीला, चुलतीनं आबांना. वाटेत त्यातलं काय काय गळालं देव जाणे. आबांपर्यंत पोचलं ते इतकंच की पोर घाणेरडी येते म्हणून बाई तक्रार करतेय. दुसऱ्या दिवशी पोर न्हाऊन, तेल चोपडून, नवा फ्रॉक घालून आली. गालाला पावडरसुद्धा. नेमक्या त्याच आठवड्यात पर्यवेक्षिका बाई आल्या. तिला बघून म्हणाल्या, "छान आहे की हो. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेता." नव्या फ्रॉकमधली ती पोर ताट बोटानं निपटत होती. ते बघायला बाईंना सवड नव्हती, त्यांना पुढच्या गावाला जायचं होतं.

त्या दिवशी माझं टाळकं सरकलं. संध्याकाळी दूध घालायला सगळे बाप्ये डेअरीपुढं जमतात, तिथं गेले. डोक्यावरून पदर घेतला होता, पण तोंड फिरवलं नाही. म्हटलं, "आबा, तुमची नात रातीची उपाशी झोपती. दोन चुली हायत आन् एकीवर बी तिची भाकर न्हाई."

आबांनी खाली बघून किटली उचलली आणि निघून गेले. उत्तर रात्री आलं, तेही माझ्या नवऱ्याच्या तोंडून. आमच्या घरात दाण्याला तोटा न्हाई म्हणावं. उद्यापासनं पोर सरकारच्या खिचडीला यायची न्हाई. निरोप सांगून झाल्यावर नवरा म्हणाला, "झालं समाधान?"

पोर नाहीच आली. अंगणवाडीच्या दारातून मला ती गोठ्याशी बसलेली दिसायची. मी माझ्या मुलीबरोबर भाकरी-कालवण पाठवलं, ते फडक्यात बांधून जसंच्या तसं परत आलं. पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या, घरचे पाठवत नसतील तर सक्ती करता येत नाही. सरपंच म्हणाले, घरगुती मामला हाय, मिटंल. पोलिसात का गेला नाहीत, असं आता शहाणी माणसं विचारतात. मी सासऱ्यांच्या दारात पोलीस आणले असते, तर त्या रात्री पोरीला जेवायला कुणी वाढलं असतं? याचं उत्तर अजून मला कुणी दिलेलं नाही. मला नुसती चीड येते आणि ती कुणावर काढावी ते कळत नाही.

थंडीत पोरांच्यात तापाची साथ आली. तिलाही ताप चढला. चुलतीला वाटलं, बाप दवाखान्यात नेईल. बापाला वाटलं, आपण ड्युटीवर असताना घरच्यांनी सुई देऊन आणली असेल. आबांनी तिला गोधडीत बघितलं, त्यांना वाटलं निजलीय. शिरूरला न्यायला गाडी काढली तोवर फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी तिच्या मनगटाला हात लावला आणि बापाला बाहेर बसायला सांगितलं.

लहान म्हणून पुरली, घरच्याच रानात, बांधाच्या कडेला. पाटसहून तिची आई आली, कडेवर मुलगा घेऊन. चुलती ऊर बडवून रडत होती आणि ते रडणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर बरं झालं असतं, निदान एका माणसाच्या तोंडावर थुंकता आलं असतं.

आमच्याकडं तिसऱ्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी करून त्या जागेवर ठेवतात. त्या सकाळी तिचा बाप माझ्या दारात येऊन उभा राहिला. पायात चपला नव्हत्या, दाढी वाढलेली. मी चुलीपुढं बसले होते.

"वैनी," तो म्हणाला, "तिच्या आवडीचं काय ठिवायचं? घरात कुनालाच म्हाईत न्हाई. आबा म्हनले, बाईला इचारून ये."

मी आठवायला लागले. माझ्या अंगणवाडीतल्या एकेका पोराचं मला सांगता येतं. कोण वाटाणे बाजूला काढतं, कोण गुळासाठी अडून बसतं, कुणाला मिरची चालत नाही. हिनं कधी काही बाजूला काढलं नव्हतं. कधी काही मागितलंही नव्हतं.

"कायबी ठिवा," मी म्हटलं. "ती कायबी खायची."