तीन नंबरची जागा

फोन आला तेव्हा मी एका आजोबांच्या दंडाला रबरी पट्टा बांधत होते. म्हापशाच्या एका खासगी लॅबमध्ये मी रक्ताचे नमुने घेते. सकाळच्या बसने नदीपलीकडच्या चोपड्याहून येते, दुपारी परत जाते. आजोबा डोळे घट्ट मिटून बसले होते. माझ्या खिशातला फोन थरथरला आणि ते "आई गं!" म्हणून ओरडले. सुई अजून पाकिटातच होती.

फोन पुण्याच्या सरांचा होता. चहाच्या वेळी मी उलट फोन लावला, तर नमस्कार नाही, चमत्कार नाही, त्यांनी थेट विचारलं, "वजन किती आहे तुझं आता?"

बाईला हा प्रश्न विचारायची हिंमत डॉक्टर करतात नाहीतर रग्बीचे प्रशिक्षक. आणि उत्तर ऐकून "वा!" म्हणतात ते फक्त प्रशिक्षक. सर "वा!" म्हणाले.

मी रग्बीत आले ती गोळाफेकीमुळे. कॉलेजात असताना मी गोळा फेकत होते आणि सर दुसऱ्याच कुणालातरी बघायला आले होते. माझ्याकडे बघून ते आमच्या मॅडमना म्हणाले, "ही पुढच्या ओळीतली आहे." मला फार बरं वाटलं. पुढची ओळ म्हणजे दशावताराला चटई टाकून बसतो तीच मला ठाऊक. आठवड्याभराने कळलं, की या पुढच्या ओळीत बसायचं नसतं. वाकायचं असतं, समोरच्या संघातल्या तीन धिप्पाड बायकांच्या डोक्यांत आपली डोकी अडकवायची असतात आणि मागून आपल्याच पाच जणी ढकलत असताना हलायचं नसतं. याला स्क्रम म्हणतात. मधली ती हुकर, ती पायाने चेंडू मागे ओढते. तिच्या दोन बाजूंना दोन प्रॉप, म्हणजे खांबच. डावीकडचा एक नंबर, उजवीकडचा तीन नंबर.

मी एक नंबर. एक नंबरचा एक खांदा बाहेर मोकळा असतो, श्वास घ्यायला जागा असते. तीन नंबरचं डोकं समोरच्या दोघींच्या मधे गेलेलं असतं आणि दोघींचा भार तिच्यावर येतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. उजव्या हाताने जेवणाऱ्याला डाव्या हाताने मासळीचे काटे काढायला सांगा, साधारण तेवढा फरक आहे. फक्त इथे चुकलं तर मोडते ती मान, आणि तीही बहुतेक वेळा शेजारणीची.

देशाच्या शिबिरांना मी लग्नाआधी जाऊन आले होते. मग लग्न झालं, मुलगी झाली आणि खेळ उरला तो रविवारपुरता. माहेरी सर्वणला गेले, की डिचोलीच्या मैदानावर पोरींबरोबर घाम गाळायचा, एवढंच. मग आता माझी आठवण का?

"परदेशातली स्पर्धा तोंडावर आलीय आणि देशाच्या संघाची पुढची ओळ रिकामी झालीय," सर म्हणाले. "एकीच्या खांद्याचं हाड मोडलं. एकीची नर्सिंगची परीक्षा. एकीची पोलीस भरतीची चाचणी नेमकी त्याच आठवड्यात, तिला ये म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि एकीचा पासपोर्ट उंदरांनी खाल्ला."

"खरंच?"

"फोटो पाठवलाय तिने. उंदराचा नाही, पासपोर्टचा."

पळणाऱ्या मुली त्यांच्याकडे पुष्कळ होत्या. एक आजारी पडली तर दुसरी उभी करता येते. पुढच्या ओळीत तसं चालत नाही. तिथे शिकलेलीच मुलगी लागते. परदेशातल्या मोठ्या संघांकडे प्रत्येक जागेला चार-चार जणी तयार असतात म्हणे. आमच्याकडे एकीची परीक्षा आली, की देशाचा स्क्रम लंगडा होतो.

मी घरी येऊन सांगितलं. सासूबाई तिसऱ्यांच्या कालवणाचं वाटण वाटत होत्या. त्यांनी मिक्सर थांबवला.

"तुका व्हरतत? त्येंका दुसरां कोण गावलां नाय?"

"नाही ना आई. म्हणूनच तर."

"मगे जा," त्या म्हणाल्या आणि मिक्सर चालू केला. माझी मात्र फार मोठ्या वादाची तयारी झाली होती, ती सगळी फुकट गेली. रात्री जेवताना त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "हिका दूध वाढव. ढकलूक जाताहा." पेडण्याला बँकेत बसणारा माझा नवरा आयुष्यात कधी कुणाला ढकलायला गेला नव्हता. त्याने निमूट दूध वाढवलं.

पुढचे दिवस मजेत गेले. मुलीला पाठीवर बसवून मी अंगणात हातापायांवर चालायची, आणि ती वरून माझ्याच कानांना धरून वळणं घ्यायची. नदीकाठी कोळ्यांची होडी वर ओढायची असली, की मी जाऊन खांदा लावायची. एका म्हाताऱ्या कोळ्याला ते पटत नसे. "इतक्या खाली वाकून कोण ढकलता गो?" तो म्हणे. पण होडी सरकायची, मग तो पुढे बोलत नसे.

शिबिरात पोचले तेव्हा वयाने मीच सगळ्यांत मोठी निघाले. सगळ्या मला दीदी म्हणायला लागल्या, सरांचा साहाय्यकसुद्धा. आमची कप्तान ओडिशाची, तीच हुकर. ठेंगणी, हसरी आणि झोपेतही चेंडू कवटाळणारी. तीन नंबरला दोघी होत्या, एक नंबरला आणखी एक आणि मी.

"वेळ पडली तर तीन नंबरला उभी राहशील ना?" सरांनी एकदा विचारलं.

"बघू या की," मी म्हटलं.

आम्ही करून बघितलं. माझं डोकं नको तिथे गेलं, खांदा आत वळला, पाय घसरला आणि अख्खा स्क्रम माझ्या बाजूने खाली बसला. हुकरचे दोन्ही हात आमच्या खांद्यांवर बांधलेले असतात. पडताना तिला हात टेकता येत नाहीत. कप्तानचं तोंड सरळ गवतात गेलं. ती उठली, तोंडातली माती थुंकली, हसली आणि म्हणाली, "काही नाही दीदी." पण त्या संध्याकाळी पाणी पिताना ती मान वर करत नव्हती, पेला कलता करून पीत होती. सरांनी पुन्हा तो प्रयोग केला नाही. वेळही नव्हता.

स्पर्धा एका बेटावरच्या शहरात होती. हवा अगदी आपल्यासारखी, चिकट आणि खारट. पहिल्याच सामन्यात मी मध्यंतरानंतर एक नंबरला उतरले. समोरच्या बाईने माझा शर्ट पकडला आणि मला वाटलं, आपल्याला टेम्पोला बांधलंय. पण जमलं. दोन स्क्रम आम्ही धरून ठेवले, एक तर चक्क पुढे नेला. आम्ही थोड्या गुणांनी पुढेही होतो. मला घरचं कुणी बघत नव्हतं याचं वाईट वाटण्याइतकी फुरसत मिळाली, इतकं सगळं ठीक चाललं होतं.

मग आमच्या तीन नंबरच्या डोक्याला मार लागला आणि ती बाहेर गेली. तिच्या जागी दुसरी आली, आणि थोड्याच वेळात तिचा गुडघा मुरगळला. ती जमिनीवर हात आपटत रडत होती आणि मला एकदम उमगलं की आता तिसरी नाही.

पंच माझ्याकडे आल्या. उंच, शांत बाई. माझ्याआधी एक नंबरला खेळलेली मुलगी बाकावर होती. ती परत येऊ शकत होती, मात्र मग मला तीन नंबरला सरकावं लागणार होतं. पंचांनी इंग्रजीत, अगदी सावकाश विचारलं, "तुम्ही तीन नंबरला सुरक्षितपणे खेळू शकता का? तसं शिक्षण झालंय?"

या स्पर्धेचा नियम असा, की तीन नंबरला कुणी नसेल तर पुढचे स्क्रम नुसते नावाला, बिनढकलीचे. आणि त्याची शिक्षा म्हणजे त्या संघाने एक खेळाडू कमी घेऊन खेळायचं. पंधराऐवजी चौदा.

सीमारेषेवर सर जोरजोरात मान हलवत होते. हो म्हण, हो म्हण. आमच्या पोरी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. मी कप्तानकडे पाहिलं. ती दातांवरचं रबर हातात घेऊन उभी होती, तोंड उघडलेलं, काहीतरी बोलणार इतक्यात.

"नाही," मी पंचांना म्हटलं. "मला तीन नंबर येत नाही."

पंचांनी मान डोलावली, जणू त्यांनी वेळ विचारली आणि मी ती सांगितली. सरांनी हातातली पाण्याची बाटली जमिनीवर आपटली.

त्यानंतरचे स्क्रम म्हणजे गंमतच होती. रुसलेल्या नातेवाइकांनी लग्नात गळाभेट घ्यावी तशा आम्ही एकमेकींना धरायचो आणि सोडायचो. पण मैदानाच्या कडेला आमची एक मुलगी कमी होती, आणि हे समोरच्या संघाला आमच्याइतकंच कळलं होतं. आम्ही जीव तोडून पळालो. मी एवढी पळाले, की दुसऱ्या दिवशी मला जिना उलटा उतरावा लागला. अगदी शेवटी त्यांनी चेंडू त्याच रिकाम्या कडेला काढला आणि एका सडपातळ मुलीने तो आरामात आमच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला. आम्ही हरलो.

आम्ही बसमध्ये बसलो. मागून एकीचा आवाज आला, मला ऐकू जाईल एवढा. "हो म्हणायला काय जात होतं? दहा मिनिटांचा तर प्रश्न होता." तिचं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. ती कडेला पळणारी, दोघींच्या वाटचं तिनेच धावलं होतं. घरदार, मुलगी, लॅब सोडून मी इथे आले ती जागा भरायला, आणि जागा रिकामी झाली तेव्हा मी नाही म्हटलं होतं.

जेवताना कप्तान ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. बराच वेळ नुसता भात कालवत राहिली.

"दीदी, मी तुला सांगणार होते," ती हिंदीत म्हणाली, "की हो म्हण."

"माहीत आहे."

"कप्तान आहे ना मी. मला तेच म्हणावं लागलं असतं. पण त्या दिवसापासून मला रात्री कुशीवर झोपता येत नाही." तिने मानेवर हात ठेवला. "तू आधी बोललीस. बरं केलंस." मग माझ्या ताटातला माशाचा तुकडा तिने विचारल्याशिवाय उचलला, आणि मीही जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी सर नाश्त्याच्या टेबलाशी आले. त्यांना माफी मागता येत नाही. ते म्हणाले, "बाटली माझीच होती. फुटली." आणि वर, "तीन नंबरच्या दोघीच घेऊन आलो. चुकलंच ते. बूट घाल." हॉटेलच्या मागे हिरवळीचा एक तुकडा होता. तिथे त्यांनी मला तीन नंबर शिकवायला सुरुवात केली, अगदी पहिल्या धड्यापासून, पाय कुठे ठेवायचा इथून. हॉटेलचा माळी पाण्याचा पाइप हातात धरून तासभर बघत उभा होता. उरलेला सामना आठवड्याभराने होता, तोवर गुडघा मुरगळलेली तीन नंबरला उभी राहण्याइतकी बरी झाली. त्या सामन्यात सर्दीखोकल्यापलीकडे कुणाला काही झालं नाही, मी थोडा वेळ एक नंबरला खेळले आणि आम्ही जिंकलो. पण मी घरी परतले ती तो पहिला धडा डोक्यात घेऊन.

डिचोलीच्या पोरींना मी तेव्हापासून दोन्ही बाजू शिकवायला लागले. स्क्रमच्या सरावात ढकलायला यंत्र हवं होतं, ते विकत घेणं परवडणारं नव्हतं. माझे वडील दोडामार्गकडचे, खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून इकडे आले आणि राहिले. खाणी थांबल्यापासून ट्रक उभे आहेत आणि ट्रकांची हाडं गॅरेजात पडलेली. मी कागदावर चित्र काढून दाखवलं. बाबांनी ते उलटसुलट करून बघितलं.

"ह्याला काय करतात?"

"डोकी लावून ढकलतात."

"आणि मग?"

"मग परत ढकलतात."

त्यांनी पुढे विचारलं नाही. एका ओळखीच्या वेल्डरला धरून ट्रकचे पाटे, जुन्या सीटांचे फोम आणि लोखंडी पट्ट्या यांचं त्यांनी असं काही धूड उभं केलं, की सर्वणहून मैदानापर्यंत ते न्यायला ट्रॅक्टर लागला. त्यावर अजून मागच्या फळीवरची सूचना दिसते, हॉर्न वाजवा. पोरी स्क्रमच्या आधी तसा आवाज काढतात.

यंदा सरांचा फोन पुन्हा आला. वजन विचारलं नाही. डिचोलीच्या माझ्या दोन पोरींचं विचारलं. एक तीन नंबर, दुसरी दोन्हीकडे चालणारी.

"आणि मी?" मी विचारलं.

"या वेळी सगळ्या हजर आहेत," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात नवलच होतं. "एकेका जागेला तिघी. मलाच सुचत नाहीये कुणाला बसवू."

मी "वा!" म्हटलं. ते खरं होतं, आणि फोन ठेवल्यावर मी अंगणात जाऊन उगाचच कपडे दोनदा झटकून वाळत घातले, तेही खरं होतं.

"तुका बोलवूक नाय त्येंनी?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई. माणसं पुरेशी आहेत त्यांच्याकडे."

"बरां झालां. उद्या कुळीथ भरडूचे आसत."

पोरींना सोडायला मीच मोपाच्या विमानतळावर गेले. दोघींनी नवे कोरे बूट गळ्यात अडकवले होते, बॅगेत ठेवायला तयार नव्हत्या. एकीच्या आईने डबाभर खाजं दिलं होतं. सुरक्षा तपासणीच्या रांगेत दोघी इतक्या गप्पा मारत होत्या, की मागचे लोक त्यांना ओलांडून पुढे जायला लागले. मी काचेबाहेरून हाताने खुणा करत होते, पुढे सरका, पुढे सरका. शेवटी एकीचं लक्ष गेलं. तिने दुसरीला खांद्याने ढकललं आणि दोघी आत गेल्या.