माझ्या नावावरचा अपघात

त्या दुष्काळात उदगीरला माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी पंधरा-पंधरा दिवस नळाला पाणी येत नव्हतं. तिला सातवा महिना होता. बाळंतपण आमच्याकडे नांदेडलाच व्हायचं होतं, पण तिला लवकर आणायचं ठरलं. एसटीने आणायला अप्पा, आमचे वडील, तयार नव्हते, म्हणून मी दोन दिवसांसाठी ड्रायव्हरशिवाय गाडी भाड्याने घेतली. घरात लायसन्स एकट्या माझ्याकडे होतं. नोकरी लागल्यावर हट्टाने शिकले होते आणि त्याचा तोरा मी लपवत नसे.

गाडीवाल्याने कागद पुढे केला. गाडीचा विमा आहेच, म्हणाला, पण पोचा पडला, दिवा फुटला तर खर्च तुमच्या अनामतीतून कापतो. रोजचे थोडे जास्त भरलेत तर तो माफ. ही माफी घ्यायलाच पाहिजे असं काही नाही.

"माफीत काय बसत नाही?" मी विचारलं.

काच, टायर आणि गाडीचा खालचा भाग. शिवाय कागदावर ज्याचं लायसन्स, त्याच्याखेरीज दुसऱ्याने गाडी चालवली तर माफी खलास.

"ठोकायच्या आधीच ठोकायचे पैसे?" अप्पा म्हणाले. मी तरीही ती घेतली आणि शब्द न् शब्द वाचून सही केली. मोठी शहाणी ना मी!

दुसऱ्या दिवशी उदगीरहून निघताना दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याने, हात पुढे केला. "आणा अक्का किल्ली. तुम्ही बसा मागं."

मी कागदाचं सांगितलं. ते हसले. "रस्त्यात कोण कागद बघायलंय?"

"दे की," अप्पा म्हणाले. "जावयाला न्हाई कसं म्हणायचं?"

आमच्याकडे जावयाला पहिलं ताट, खिडकीजवळची खुर्ची, नवा टॉवेल. आता स्टिअरिंगही. मी किल्ली दिली आणि मागे बहिणीशेजारी जाऊन बसले.

उदगीर जिल्हा होणार, हे दाजींचं तेव्हाचं वेड. गावाबाहेर पडताच त्यांनी एक हात सोडून माळ दाखवायला सुरुवात केली. "तिथं कलेक्टर ऑफिस येणार, अप्पा. अन् त्याला लागून आपला प्लॉट हाय." रस्त्याकडेच्या विहिरीवर पाण्याचा टँकर भरत उभा होता. आम्ही सरळ त्याच्यावर जाऊन आदळलो. बंपर तुटला, डावा दिवा फुटला. बहिणीने दोन्ही हातांनी पोट धरलं. तिला काही झालं नाही. दाजी खाली उतरले आणि भर दुपारी टँकरवाल्याला म्हणाले, "लाईट लावता येत न्हाई का?"

गाडी परत करायला अप्पा माझ्यासोबत आले. वाटेत म्हणाले, "तू चालवत होतीस म्हण. जावयाचं नाव नको. पोरीला तिथं नांदायचंय." खोटं बोलणाऱ्या पोरांना आयुष्यभर छड्या मारलेला मास्तर माणूस हे सांगत होता.

फॉर्मवर रकाना होता, गाडी कोण चालवत होतं? मी माझं नाव लिहिलं. खाली लिहिलं, माझं लक्ष नव्हतं. अनामत पूर्ण परत मिळाली. त्या बिचाऱ्या गाडीवाल्याला मी फसवलं, आणि त्याने वर विचारलं, "ताई, लागलं तर न्हाई ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बारशाला घर पाहुण्यांनी भरलं होतं. दाजी सगळ्यांना रंगवून सांगत होते, "अक्कांनी उभ्या टँकरला ठोकली! मी म्हणत होतो, आणा इकडं." लोक पोट धरून हसले. बहीण बाळाची झबली नीट करत बसली. माझं डोकं फिरलं होतं, तरी मी पेढे वाटत राहिले. अप्पा हसले नाहीत, पण बोललेही नाहीत. तेव्हा वाटलं, एक माणूस तरी खरं जाणतो, पुरे आहे.

वर्षभराने अप्पांना डोळे दाखवायला लातूरला न्यायचं होतं. मी म्हटलं, गाडी घेते, सकाळी निघू.

"ड्रायव्हर बघ," ते म्हणाले. "तुझा हात अजून बसलेला न्हाई. त्या वेळी पोरगी पोटुशी होती, थोडक्यात वाचली."

चेष्टा करत असतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. अप्पा चेष्टा करत नव्हते.