दोन्हीकडे शिक्का

सर्व्हेवाली पोरगी मोबाईल घेऊन ओसरीवर बसली. सरकारवर, मतदानाच्या मशीनवर, ग्रामपंचायतीवर किती विश्वास, असं एकेक विचारत गेली. उन्हानं दमलेली दिसली, म्हणून मी सगळ्यालाच ‘पूर्ण’ म्हणत गेले.

ती गेली आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. सुपातले खडे ठेवून तांदूळच फेकू लागले. नवी सून असतानाही मी हाच शहाणपणा केला होता. दोन्हीकडच्या प्रचारवाल्या बायका गोड बोलल्या, कुणाचं मन मोडू नये म्हणून मी बावळटानं दोन्ही चिन्हांवर शिक्का मारला. वर त्या बाद मताची फुशारकी गावभर मिरवली!

सूप टाकून धावले. पोरगी शेजारच्या, ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या पंचबाईंच्या अंगणात होती.

“पोरी, माहे जवाब बदलव.”

“काहून आजी?”

“खोटे सांगतले मी.”

“बरं, अजून पाठवले नाहीत. सांगा, ग्रामपंचायतीवर किती विश्वास?”

तेवढ्यात पंचबाई माझ्यासाठी पाण्याचा गिलास घेऊन आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. मी आधी सगळं पाणी पिऊन घेतलं, गिलास त्यांच्या हातात दिला.

“जरासाही नाही,” मी म्हणाले.