रविवारचं पातेलं

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

मिलिंदचं रेस्टॉरंट पाहिलंय? बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीतलं? घाण्याचं मोठं चाक तसंच ठेवलंय, वर जुन्या तुळया, पिवळे दिवे. दारात मिलिंद स्वतः उभा — "या पावणं, बसा की!" मी चारचौघांत ऐटीत सांगतो, मालक आपला दोस्त आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत आम्ही एका शिफ्टला होतो.

पण तिथं मला धड बसवत नाही. खुर्च्या चांगल्या मऊ आहेत, तरी.

फाउंड्रीत असताना मिलिंदनं घर बांधलं. रविवारी जेवायला बोलावलं. त्याच्या आईनं, काकूंनी, सकाळपासून खपून तांबडा-पांढरा केलेला. ताट समोर आलं आणि मी म्हणालो — जोतिबाचा रविवार धरलाय, मटण चालत नाही. काकू हळहळल्या. पिठलं टाकू का, म्हणाल्या. मी म्हणालो, मटणाच्या भांड्यांतलं काहीच चालत नाही.

कसला रविवार? घरी येऊन मटणावरच ताव मारला. ते बौद्ध, आम्ही मराठे — त्यांच्या घरचं ताट मला नको होतं. एवढंच. मिलिंदच्या डब्याकडंही मी कधी हात नेला नाही, आणि खांद्यावर मात्र रोज हात. भीती होती म्हणू? कुणाची? तिथं बघायला तरी कोण होतं?

आता त्याच काकूंचा मसाला अख्खं कोल्हापूर रांग लावून खातं. म्हणून मलाही चालतो — बुधवारी, शुक्रवारी, कधीही. रविवारी तेवढा मी तिकडं फिरकत नाही.

परवा मात्र इचलकरंजीचे पाहुणे हट्टाला पेटले, बायकोला घेऊन रविवारीच गेलो. मटणाची ताटं आली. माझ्यासमोर ताट नाही. काकू स्वतः आतून वाटी घेऊन आल्या.

"तुमचा रविवार हाय न्हवं? आमटी येगळी केलीया. पातेलं नवं हाय, तुमच्यासाठनंच ठेवलंय. मटण न्हाय शिवलं त्याला कधी."

बायको माझ्याकडे बघत राहिली. आमच्या घरात कुणी कधी रविवार धरलेला नाही. मिलिंदही बघत होता — त्याला ठाऊक आहे का? असेल. कबूल करायचं तर मी त्याच क्षणी करायला हवं होतं.

"झालीया न्हवं बरी?" काकूंनी विचारलं.

छान झालीय, मी म्हणालो. आणि अजून एक वाटी मागून घेतली.